काडी ओढण्याआधी: घरातल्या शेगडीची तयारी

मोसमातला पहिला जाळ करायच्या निदान पंधरा दिवस आधी कामाला लागा. सुरुवात धुरांड्यापासून. वर्षातून एकदा तरी ते आतून घासून घ्यायचंच. धूर वर जाताना थंड भिंतीला लागतो आणि डांबरासारखा चिकट काळा थर धरतो; हा थर स्वतःच पेट घेतो. शेगडी बंद असताना पाखरांनी आत घरटं केलंय का, नळीच्या जोडांना गंजून भोकं पडलीत का, हेही तेव्हाच बघून घ्या. शेगडीला दार असेल तर त्यात कागदाचा कपटा धरून दार लावा. कपटा सहज ओढून निघाला, तर दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी बदलायला झाली.

मग सरपण. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. जाळायच्या लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी, आणि त्यासाठी फोडलेलं लाकूड वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं रचून साधारण एक-दोन वर्षं ठेवावं लागतं. ओल मोजायचं यंत्र असेल तर ओंडका फोडून आतल्या ताज्या भागावर टेकवा; बाहेरची साल फसवते. यंत्र नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: वाळलेल्या खणखणतात, ओल्या ढब्ब वाजतात. रंगवलेलं किंवा वाळवीचं औषध मुरवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक यातलं काहीही जाळू नका. जुन्या औषधी लाकडात आर्सेनिक असू शकतं आणि ते राखेतही उरतं.

आता यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं. धूर थांबला, कोळसे लालबुंद झाले, की ‘आता धोका नाही’ असं समजून माणसं धुरांडं नसलेली कोळशाची शेगडी उचलून झोपायच्या खोलीत नेतात. मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. बिनधुराच्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. फ्लूसारखंच, पण अंगात ताप नसतो. घरातल्या दोघाचौघांना एकदमच असं होऊ लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर कारण दुसरीकडे शोधत बसू नका.

म्हणून शेगडीच्या खोलीत आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, बटण दाबून तो वाजवून बघा, त्यावरची मुदतीची तारीख वाचा. धुराचा अलार्म वेगळा, तो याचं काम करत नाही. खोलीत हवा येण्याची जाळी गार वारा येतो म्हणून बुजवलेली असेल, तर आजच मोकळी करा. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा धूर धुरांड्यातून उलटा घरात ओढू शकतो. शेगडी आणि पंखा एका वेळी चालवायचे नाहीत. आणि धुरांडं नसलेली कोळशाची शेगडी खिडकी उघडी ठेवूनही घरात नकोच. अलार्म वाजला तर आधी सगळे बाहेर, मग मदतीला फोन, आणि डॉक्टरांना या वायूचा संशय स्पष्ट सांगा.

बाकीचं थोडक्यात. कपडे, पडदे, सरपण शेगडीपासून मीटरभर लांब. लहान मुलं असतील तर भोवती घट्ट बसवलेलं कुंपण. पेटवताना रॉकेल, पेट्रोल कधीच नाही, बारीक काटक्या पुरतात. धुरांड्यात आग लागून गडगडाट ऐकू आला, तर जमल्यास हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. पाणी ओतू नका.

राखेसाठी घट्ट झाकणाची पत्र्याची बादली पहिल्या जाळाआधीच आणून ठेवा. राखेच्या पांघरुणाखाली निखारा काही दिवससुद्धा जिवंत राहतो, तेव्हा बादली घराबाहेर, भिंतीपासून दूर, दगडावर किंवा फरशीवर ठेवायची.