कॉलनीची डीपी आणि ईव्ही चार्जिंग : हिशेबातल्या या चुका टाळा

"डीपी २०० केव्हीएची, लोड ६७ टक्के. म्हणजे ६५ केव्हीए अजून शिल्लक. सात किलोवॉटचे आठ-नऊ चार्जर आरामात बसतील." इंदूरच्या कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा हिशेब ऐकायला मिळतो, आणि मांडणारा बहुधा चांगला शिकलेला असतो. (डीपी म्हणजे कॉलनीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, केव्हीए हे त्याच्या क्षमतेचं माप.) वजाबाकीत चूक नसते. चूक त्या ६७ टक्क्यांवर विश्वास ठेवण्यात असते.

तिन्ही फेजची बेरीज करून मोकळं होणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून हिच्यावर जरा जास्त.

सुदामा नगर, अन्नपूर्णा रोडकडच्या जुन्या वस्त्यांत प्रकार साधारण असा घडतो. आकडे हिशेबाच्या सोयीने घेतले आहेत, चित्र मात्र नेहमीचंच. ११ केव्हीवरून ४३३ व्होल्ट करणारा २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. फुल लोडला दर फेजला, म्हणजे आर, वाय, बी या तीन वीजवाहक तारांपैकी प्रत्येकीला, २६७ ॲम्पियर. रात्री आर फेजवर २३५, वायवर १५०, बीवर १५५. एकूण १३५ केव्हीए, तेच ते ६७ टक्के. मग एकाच गल्लीत तीन घरी इलेक्ट्रिक कार येतात. ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स (घरी भिंतीवर बसवायचा चार्जर) सिंगल फेजचा असतो आणि ३१ ॲम्पियरच्या आसपास ओढतो. लाइनमन शिडी लावतो आणि जी तार हाताशी येते तिलाच सर्व्हिस वायर जोडून खाली उतरतो. ती तार तिन्ही वेळा आरचीच निघते, कारण गल्लीतल्या त्या पोलवर तीच सोयीची असते.

आता आर फेजवर ३२९ ॲम्पियर. एकूण लोड १५८ केव्हीए, म्हणजे ७९ टक्के. सेक्रेटरी निवांत, झोनमधले (वीज कंपनीच्या स्थानिक ऑफिसातले) साहेबही निवांत.

ट्रान्सफॉर्मरच्या टाकीच्या आत काय चाललंय? आर फेजची वाइंडिंग (तारेचं वेटोळं) १२३ टक्क्यांवर आहे. वाइंडिंगमधला लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणून तिथे उष्णता दीडपट. बाकीच्या दोन फेज हलक्या असल्यामुळे तिन्हींचा मिळून लॉस मात्र फुल लोडच्या ७२ टक्केच भरतो. थंड ठेवणारं तेल तिघींचं सामाईक. त्यामुळे वरच्या पॉकेटमध्ये थर्मामीटर घातला तर तेल अगदी शहाण्यासारखं वागताना दिसतं, आणि आर वाइंडिंगवरचा इन्सुलेशनचा कागद आतल्या आत भाजत असतो. शिवाय न्यूट्रलमधून, म्हणजे तिन्ही फेजच्या परतीच्या सामाईक तारेतून, १७७ ॲम्पियर वाहतात, ते कुणीच मोजलेले नसतात. न्यूट्रलचा लग (तार जोडायचं टोक) ढिला असेल तर पहिल्यांदा तोच काळा पडतो. तो सुटला की हलक्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज चढतं, आणि ज्यांच्याकडे सायकलसुद्धा इलेक्ट्रिक नाही त्यांचे फ्रिज-टीव्ही जातात.

यानंतर आरचा किटकॅट फ्यूज (जास्त करंट आला की वितळणारी तार) उडायला लागतो. रात्री अकराला उकाड्यात उभी असलेली मंडळी लाइनमनला म्हणतात, "भैया, मोटा तार डाल दो." तोही बिचारा टाकतो. या एका शॉर्टकटची चीड यावी तेवढी थोडी. फ्यूज खरं तेच सांगत होता, त्याचंच तोंड बंद केलं. पुढे मे महिन्यात एका रात्री वाइंडिंग जाते आणि अख्खी कॉलनी म्हणते, गाड्यांनी डीपी उडवली.

तीन गाड्या तीन फेजवर टाकल्या असत्या तर आर २६६ वर राहिला असता. तेही काठावरच, म्हणून आरवरची चार-पाच घरंसुद्धा वाय आणि बीवर हलवायला हवी होती. काम फार तर एका दिवसाचं, नवा ट्रान्सफॉर्मर नको. म्हणून नोंदीच्या कागदावर नेहमी चार रकाने असावेत : आर, वाय, बी, न्यूट्रल. न्यूट्रलचा रकाना रिकामा असेल तर तो कागद परत पाठवावा, वाचत बसू नये.

दिवसा अकराला जाऊन लोड मोजणं

ऑफिसची वेळ ती मोजायची वेळ, असं गृहीत धरणारे अहवाल ढिगाने सापडतात. गाड्या त्या वेळी विजय नगरच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात.

मोजणी रात्री नऊ ते एक, दर अर्ध्या तासाने. आणि रविवारची रात्र चुकवू नका. उज्जैन-ओंकारेश्वर करून आलेल्या गाड्या त्या संध्याकाळी रिकाम्या बॅटरीने परततात आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना भरलेल्या हव्या असतात.

रात्रीच का, हे नीट समजून घ्या. अशा ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे तेल किती सावकाश तापतं-निवतं त्याचं माप, साधारण तीन तासांचा असतो. लोड दोन तास टिकला तर तेल त्या लोडला जेवढं तापायचं त्याच्या निम्मंच तापतं, सहा तास टिकला तर ८६ टक्के. पूर्वी संध्याकाळचा भार उतरायचा, मग शब-ए-मालवाच्या, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीच्या, हवेत टाकी पहाटेपर्यंत निवायची. आता उन्हाळ्यात एसीचा लोड, त्याच्यावर पाच-सहा तासांचं चार्जिंग, आणि तेलाला गार व्हायला मधली फटच उरत नाही. साध्या कागदाच्या इन्सुलेशनचं वय हॉटस्पॉट (वाइंडिंगमधली सगळ्यात तापलेली जागा) ९८ अंशांवर असताना नेहमीच्या वेगाने सरतं. त्याच्यावर दर ६ अंशांना वेग दुप्पट. ११० अंशांना चौपट, ११६ ला आठपट. म्हणून "तासभरच तर ओव्हरलोड होता" हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा : त्याआधीचे चार तास काय होतं?

थंडीत मोजून मे महिन्याचा निर्णय घेणं हीसुद्धा याच चुकीची धाकटी बहीण.

सगळ्यांनी एकच टायमर लावणं

रात्री चार्ज करा, असं सांगितलं की सगळे अकराचा टायमर लावतात. ठोक्याला सगळे चार्जर एकदम सुरू, जुन्या पीक लोडपेक्षा (कमाल भारापेक्षा) मोठा नवा पीक लोड तयार. रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सहा-सात युनिट पुरतात. ३.३ किलोवॉटवर दोन तासांचं काम. अर्ध्या जणांनी अकराला आणि अर्ध्यांनी दोनला लावावं, आणि गाडीत किंवा वॉलबॉक्सवर करंट १६ ॲम्पियरवर आणावा. ३२ ॲम्पियरचा हट्ट कशासाठी, रात्रभर गाडी उभीच तर असते.

घरगुती लोडचा डायव्हर्सिटी फॅक्टर चार्जरला लावणं

सगळी उपकरणं एकदम चालत नाहीत म्हणून लोडच्या बेरजेत जी सूट धरतात, ती डायव्हर्सिटी फॅक्टरमधून येते. मिक्सर आणि गिझर एका वेळी चालत नाहीत. चार्जर चालतात, तासन् तास. एका डीपीवर पाच-सहाच चार्जर असतील तर सगळे एकदम चालू धरा. उलट पन्नास चार्जरची थेट बेरीज करून ५०० केव्हीएचा नवा ट्रान्सफॉर्मर मागणंही तितकंच उतावीळ. तिथे दोन आठवड्यांचं रात्रीचं रीडिंग काढा, मग बोला.

साधा क्लॅम्प मीटर

क्लॅम्प मीटर म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर. स्वस्त मीटर सरासरी मोजून आकडा आरएमएस (करंटचं परिणामी मूल्य, ज्यावर उष्णता ठरते) म्हणून दाखवतो. करंटच्या वेव्हचा आकार बिघडलेला असेल तर तो सरळ कमी दाखवतो. ट्रू आरएमएस मीटर घ्या, यात काटकसर नको. कारच्या आतल्या चार्जरमध्ये पॉवर फॅक्टर सुधारलेला असतो, त्यामुळे वेव्ह फारशी बिघडत नाही आणि तो फार त्रास देत नाही. खरा त्रास ई-रिक्षाच्या गॅरेजमध्ये. ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांचे स्वस्त चार्जर, एकेक जेमतेम किलोवॉटचा, पण वीस-पंचवीस एका छपराखाली. त्यांचं तिसरं हार्मोनिक (मूळ वेव्हच्या तिप्पट वेगाचा बिघडलेला भाग) तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येऊन एकमेकांत मिळतं, रद्द होत नाही. म्हणून तिन्ही फेज सारख्या असूनही न्यूट्रल तापलेला सापडतो. गॅरेजचा न्यूट्रल फेजच्या साइजपेक्षा बारीक असेल तर आधी तो बदला.

फक्त कार मोजणं

स्कूटरचा चार्जर ७००-८०० वॉटचा. दहा स्कूटर म्हणजे एक वॉलबॉक्स, आणि त्यांची झोनमध्ये नोंदही नसते.

फास्ट चार्जर कॉलनीच्याच डीपीवर

६० किलोवॉटचा डीसी चार्जर दर फेजला ९० ॲम्पियरच्या आसपास घेतो. १०० केव्हीएच्या डीपीची क्षमता १३३. वेगळा ट्रान्सफॉर्मर मागा, वाद घालू नका.

आणि डीपीच्या कुंपणात क्लॅम्प घेऊन स्वतः शिरू नका. त्या कामाचा परवाना, हातमोजे आणि परमिट ज्याच्याकडे आहे त्यानेच मोजायचं. तुम्ही झोनमध्ये लेखी अर्ज द्या. डीपीवर मीटर असेल तर त्याचा लोड सर्व्हे मागा, १५ किंवा ३० मिनिटांच्या ब्लॉकचा, फेजवार, किमान एप्रिल-मे महिन्यांचा. "महिन्याचे युनिट देतो" म्हणाले तर तो कागद तिथेच राहू द्या आणि अर्जावर आवक क्रमांक घेऊन या.