टॅब घ्यायचा? आधी दोन रुपयांची झेरॉक्स काढ

चिपळूणला कॉलेजच्या वाटेवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. टॅब घेऊ का, हे मला विचारणं म्हणजे कोळणीला श्रावण पाळू का म्हणून विचारणं. तरी जून लागला की पोरं विचारतातच. वीसेक वर्षं त्यांच्या नोट्स छापतोय, कोण काय वाचतो आणि कोण नुसतं बाइंडिंग करून माळ्यावर टाकतो, हे मला त्यांच्या आईबापांपेक्षा जास्त ठाऊक.

माझं मत आधीच सांगतो. टॅब कागदाच्या जागी येतो, कॉम्प्युटरच्या जागी येत नाही. एवढं मला कळायला एका पोराचे पैसे गेले. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता, मीच म्हटलं, घे, हलका आहे, गुहागरहून एसटीत उभ्याने येतोस. दोन महिन्यांनी टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकायला क्लास लावला. टॅली विंडोजवर चालतं, टॅबवर नाही. शेवटी त्याने जुना लॅपटॉप घेतला, आणि अजून दुकानात आला की माझ्याकडे बघून हसतो. ऑटोकॅडवरच्या ड्रॉइंगचं पूर्ण काम, आकडेवारीचं एसपीएसएस, कोडिंगची प्रॅक्टिकलं, सगळ्याची हीच गत. तुझ्या अभ्यासक्रमात असलं काही असेल तर इथेच थांब आणि ते पैसे लॅपटॉपला ठेव. मराठीतून प्रोजेक्ट लिहिणाऱ्यांनी आणखी एक बघावं: सरांनी दिलेली फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर टॅबवर नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी दिसतं तशा अक्षरात, असेल तर हरकत नाही.

आता पैशांचं. माझ्याकडे पान दोन रुपये. महिन्याला दीडशे पानं नेणारा पोरगा म्हणजे चांगलं गिऱ्हाईक. त्याचे झाले ३०० रुपये, कॉलेजचे दहा महिने धरले तर ३,०००, तीन वर्षांत ९,०००. पेन, कव्हर धरून बरा टॅब पंचवीस-तीस हजारांना पडतो. म्हणजे माझा धंदा बुडवायचा म्हणून घेत असशील तर ते जमणार नाही. शिवाय जर्नल हाताने लिहून सही घ्यावीच लागते, परीक्षेत उत्तरपत्रिका कागदाचीच असते. टॅब परवडतो तो एकाच हिशेबाने: जे तू कधीच छापून घेतलं नसतंस, ते वाचायला. आयोगाच्या साइटवर एमपीएससीच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची, लेक्चरं आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा माणूस हजारो पानं उलटतो. ती छापत बसला तर वर्षभरात मी नवं मशीन घेईन.

पण त्याआधी एक प्रश्न, आणि खरं उत्तर दे. तुझ्या मोबाइलमध्ये आत्ता ज्या पीडीएफ पडल्यात, त्यातली एक तरी शेवटपर्यंत वाचलीस का? डोळे बारीक करून, झूम करत का होईना, पण वाचली असशील तर टॅब तुझ्या कामाचा. उघडलीच नसशील तर पडदा मोठा झाला म्हणून उघडशील असं मला वाटत नाही.

वाचतोस म्हणतोस? मग माझी परीक्षा दे. तुझ्या सगळ्यात किचकट पुस्तकाचं पान आण: बारीक अक्षराचं, तक्ता किंवा आकृती असलेलं. ए-फोर पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण १४.३ इंच भरतं. मशीनवर ७१ टक्के लावलं की त्याचं ए-फाइव्ह होतं आणि ते भरतं १० इंच. १० इंची टॅबवर अख्खं पान साधारण एवढंच दिसणार. ११ इंची त्याहून थोडा मोठा. पावणेनऊ इंची स्वस्तातला टॅब दाखवतात ना, तो याहूनही लहान. अशी चार-पाच पानं काढ आणि घरी जाऊन सलग तासभर वाच. एसटीत नको, आपल्या रस्त्यांवर पेपरचा मथळासुद्धा धड वाचता येत नाही. डोळे दुखले नाहीत तर १०-११ इंचांत तुझं भागेल. दुखले तर मोठा पडदा लागेल, मग किंमत थेट लॅपटॉपच्या घरात जाते. झूम करता येतं की, म्हणशील. येतं, पण मग प्रत्येक ओळीला पान इकडून तिकडे सरकवायचं. दोन दिवसांत कंटाळशील.

पेनाच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. बाजारात मिळतं ते रबरी टोकाचं पेन म्हणजे नुसतं बोट. तळहात पडद्यावर टेकवून लिहिता आलं तरच नोट्स होतात, आणि ते त्या मॉडेललाच जमावं लागतं. सॅमसंगचा टॅब एस-सिक्स लाइट पेनासकट यायचा, पण त्यांच्याच टॅब ए-नाइनवर त्यांचं एस पेन चालत नाही. आयपॅडचं पेन वेगळं घ्यावं लागतं, आणि ते चार्जही करावं लागतं. एस पेनला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही. दुकानात गेलास की 'क्ष', 'ज्ञ', 'त्र्य' लिहून बघ. इंग्रजी सही काय, कशावरही बरी दिसते.

सिमवाल्या टॅबला जादा पैसे देऊ नकोस. तुझ्या वाडीत मोबाइलला रेंज नसेल तर टॅबला कुठून येणार, टॉवर तोच. माझ्या भाचीचं घर वेळणेश्वरच्या अलीकडे आहे, तिथे रेंज फक्त सड्यावर, वरच्या माळावर. ती चिपळूणलाच सगळं उतरवून घेते आणि मग गाडीत बसते. व्हिडिओ असे साठवायचे तर १२८ जीबी तरी हवंच.

आता पाऊस. २२ जुलै २०२१ ला पुरात वाशिष्ठी नदी माझ्या दुकानात शिरली. कागदाच्या रिमा फुगून पावासारख्या झाल्या, बाइंडिंगला आलेल्या पोरांच्या नोट्सचा लगदा झाला. ज्यांच्या गूगल ड्राइव्हवर होत्या त्यांच्या वाचल्या, पण वीज आणि रेंज दोन्ही गेलेली, त्यामुळे त्यांनाही त्या लगेच बघता आल्या नाहीत. निसर्ग वादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, दापोली-मंडणगडकडे तर कित्येक दिवस अंधार होता. म्हणून टॅब घेतलास तरी परीक्षेच्या महिन्यातलं महत्त्वाचं तेवढं कागदावर ठेव. (हे मी दुकानदार म्हणून बोलत नाही. बरं, थोडं बोलतोय.) दप्तरात टॅब जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाल, आणि भिजून घरी आलास तर चार्जिंगचं भोक पूर्ण वाळल्याशिवाय वायर लावू नकोस. घेण्याआधी दुकानदाराला एवढं विचार: काच फुटली तर कुठल्या गावाला पाठवता आणि किती दिवस लागतात? मोबाइलची काच गल्लीत बदलून मिळते, टॅबची मिळेलच असं नाही.

जुना घ्यायचा विचार असेल तर बॅटरी तपास आणि कंपनी अजून किती वर्षं अपडेट देणार ते बघ. बाकी ओरखड्यांचं काही नाही.

ए-फाइव्हच्या झेरॉक्सला मात्र पानामागे सुट्टे दोन रुपये आण. पावसात पैसे द्यायचा स्कॅनर चालत नाही.