अद्भुतकथा लिहिताय? मग या चुका टाळा

अद्भुतकथेच्या कार्यशाळांना मी बरीच वर्षं जातोय. हल्ली नवोदितांची हस्तलिखितंही वाचायला येतात. चुका त्याच त्याच असतात, आणि त्यातल्या दोन इतक्या हमखास की त्यांच्यावर नीट बोलायलाच हवं.

पहिली चूक म्हणजे गोष्टीचा पत्ता नसताना विश्व रचत बसणं. एका निवासी कार्यशाळेत एक मुलगा जाडजूड फाईल घेऊन आला होता. रंगीत नकाशा, राजघराण्यांच्या वंशावळी, देवदेवता, नाणी, पंचांग, स्वतंत्र लिपीसुद्धा. मेहनत खरी होती. मार्गदर्शकांनी विचारलं, ‘पहिल्या पानावर कोण आहे आणि त्याला काय हवंय?’ तो तीन हजार वर्षांपूर्वीच्या युद्धापासून सुरू झाला. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा युद्धच. त्याच्या पहिल्या प्रकरणात कुणी कुणाशी एक वाक्यही बोललेलं नव्हतं, सगळा इतिहासाचा गोषवारा. शेवटी त्यांनी त्याला फाईल खोलीवर ठेवून यायला लावलं आणि सांगितलं, ‘तुझ्या राज्यातलं एक साधं माणूस घे, एक अडचण दे, दोन पानं लिही.’

त्याने जकातनाक्यावरची एक कारकून बाई घेतली. मध्यरात्री नाक्यावर पालखी येते. आत राजाचं प्रेत आहे, पण राजा गेल्याचं अजून जाहीर झालेलं नाही. तिला वहीत नोंद करायची आहे: प्रवासी लिहायचं की माल? खोटं लिहिलं तर नोकरी जाणार, खरं लिहिलं तर जीव. संध्याकाळी त्याने ती पानं वाचून दाखवली तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला पुढचं हवं होतं. त्याची नाणी आली, कायदे आले, देवही आला, कारण बाईने भीतीने त्याचं नाव घेतलं.

नकाशेवाले लोक लगेच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनचा दाखला देतात. त्याच्या विश्वाचं पुराण, म्हणजे ‘द सिल्मरिलियन’, १९७७ साली छापलं गेलं, तो वारल्यावर चार वर्षांनी. वाचकांच्या हातात त्याआधी, १९३७ मध्ये, घर सोडायला नाखूश असलेल्या एका हॉबिटची, म्हणजे त्या विश्वातल्या एका बुटक्या माणसाची गोष्ट पडली होती. मी स्वतः प्रसंग आधी लिहितो आणि अडलो तरच जगाची वही उघडतो. बटण दाबून नावं आणि नकाशे काढून देणारी साधनं मला अजिबात पसंत नाहीत. त्यातून आलेल्या गावात कोण राहतं हे लेखकालाच माहीत नसतं.

दुसरी चूक उसन्या भूगोलाची. लेखक साताऱ्याचा, पात्रांची नावं मराठी, आणि कथेत बर्फ, पाईनची जंगलं, दगडी किल्ल्यातली शेकोटी. थंडीने बोटं कशी वळतात हे ठाऊक असेल तर बर्फ जरूर लिहा. पण याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात, पूर्वेकडे कोरडा वारा तेवढा उतरतो. आता घाटावर ढग अडवणारं कुणीतरी बसवा. खालच्या गावांनी त्याला काय द्यायचं? आणि एखाद्या वर्षी दिलं नाही तर? यातला एकही प्रश्न परक्या बर्फातून सुचला नसता. कुठलंही ठिकाण लिहिण्याआधी मी तीन गोष्टी टिपतो: तिथे पाणी कोण भरतं, चुलीत काय जळतं, छपरावर काय असतं. एवढं कळलं की राजवाडा आपोआप उभा राहतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. जादूची किंमत कुणीच मोजत नसेल तर संकटात जीव येत नाही. मंत्र म्हटल्यावर नायकाचं काय कमी झालं ते दाखवा. घोडा दिवसभर चौखूर उधळत नाही आणि बैलगाडीने एका रात्रीत राज्य ओलांडता येत नाही. ‘हे राजन, मम वचन ऐकावे’ असं सगळेच बोलू लागले की राजा आणि मोतद्दार वेगळे ओळखू येत नाहीत. भाकितावर कथा ढकलू नका. आणि एक कथा पुरी न करता त्रिखंडात्मक कादंबरीची जाहिरात करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: आधी दहा पानांची एक गोष्ट शेवटपर्यंत न्या.

एक चूक कागदाबाहेरची. क्लॅरियन ही अमेरिकेतली कार्यशाळा १९६८ पासून चालते. तिथे रूढ असलेली पद्धत जगभर पसरली: कथेवर चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं, सगळ्यांचं झालं की मग बोलायचं. आपल्याकडे पहिल्या शंकेलाच लेखक ‘ते पुढच्या भागात कळेल’ म्हणून मध्ये पडतो. तोंड मिटून वाचक कुठे अडखळला ते समासात लिहून घ्या. सुचवलेला उपाय पटला नाही तरी ती जागा खुणेची ठेवा आणि आठवड्याने पुन्हा वाचा.