समाजशास्त्रात बीए? अर्जाआधी एक सर्व्हे करून ठेवा

समाजशास्त्राच्या पदवीवर मुंबईत लवकर हाती लागणारं काम म्हणजे मार्केट रिसर्च कंपन्या आणि स्वयंसेवी संस्थांचं फील्डवर्क. मुलाखतीत ‘संशोधन पद्धती’चे गुण कोणी फारसे विचारत नाही, केलेलं काम दाखवावं लागतं. म्हणून टीवायची परीक्षा संपली की एक छोटा सर्व्हे करा.

विषय नेमका हवा. ‘झोपडपट्टीतलं जीवन’ नको, ‘एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत मेंटेनन्सचा खर्च कसा भागवतात’ चालेल. सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी घ्या. पंधरा-वीस प्रश्न काढा, आधी पाच घरांत विचारून पाहा, जिथे लोक अडखळतात ते बदला. इमारतीत १२० घरं असतील तर दर चौथं दार वाजवा, म्हणजे ३० होतील. ओळखीची घरं गाठलीत की नमुना तिथेच बिघडतो. कुलूप दिसलं म्हणून शेजारी शिरू नका. रात्री आठनंतर किंवा रविवारी परत जा, नाहीतर कामावर जाणारी माणसं निसटतात. उत्पन्नाचा प्रश्न शेवटी, आणि आकडा न विचारता गट दाखवून. सासू समोर असताना सुनेने दिलेलं उत्तर तसंच धरू नका, फॉर्मवर तशी नोंद करा. त्याच रात्री एक्सेलमध्ये भरा: एक घर, एक ओळ. नावं आणि खोली क्रमांक त्यात नकोत. शेवटी दोन पानी अहवाल लिहा; अर्जासोबत तोच जोडायचा.

रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक किंवा समुपदेशक व्हायचं असेल तर बीए पुरत नाही, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करा: देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे टिस (प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून), चर्चगेटजवळ निर्मला निकेतन. आकड्यांची आवड असेल तर देवनारलाच आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्चावे लागतात. तिथल्या नोकऱ्यांत फील्डचा अनुभव आणि नीट इंग्रजी अहवाल, दोन्ही बघतात.

प्राध्यापकीसाठी एमएला ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटला उणे गुण नाहीत, एकही प्रश्न सोडू नका. यूपीएससीत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा. अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून लोकप्रिय, पण त्या भरवशावर बाकी सगळं थांबवू नये.

फील्डचं काम घेताना पैसे महिन्याचे की फॉर्ममागे, प्रवासभत्ता वेगळा का, आणि बाद झालेल्या फॉर्मचे पैसे कापतात का, हे आधी लेखी घ्या.