समुद्रकड्यावरचा डबा शोधायला निघालात? या चुका टाळा

दुपारचे अडीच वाजले होते. मी, ताई आणि भाचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कड्याच्या पोटात, पलंगाएवढ्या कातळाच्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. कड्याखालच्या ज्या खडपावरून, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावरून, सकाळी चपला न भिजवता आलो, तिथे आता कमरेएवढं पाणी आपटत होतं. ताईला संकष्टीचा उपास, पाण्याची बाटली एकच, फोनला रेंज नाही. आणि ज्याच्यासाठी बडोद्याहून एवढा आटापिटा केला, तो डबा सापडलेलाच नव्हता.

जिओकॅशिंग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी पाणी न शिरणारा डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. आपण जाऊन शोधायचा, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि होता तसा परत ठेवायचा. आमचा डबा कुठे होता ते सांगणार नाही, सांगितलं तर पुढच्यांचा खेळ संपला. चुका मात्र सगळ्या सांगतो.

तिथी माहीत, भरती माहीत नाही

त्या संध्याकाळी वाडीतल्या एका काकांनी आम्हाला चहा पाजत झाडलं. "ताईंनी संकष्टी धरल्येय ना? म्हणजे चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला भरती. यात फोन कशाला लागतो?"

पाऊणकीचा पाढा शाळेत पाठ केला होता, तो असा कामाला येतो हे चाळिशीत कळलं. कोकण किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. ओहोटी साधारण सहा तास पुढे-मागे. वेळ रोज पाऊण तासाने, खरं म्हणजे पन्नासेक मिनिटांनी, पुढे सरकते. हा अंदाज आहे, फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही बघाच. पण कोष्टक विसरलात तरी कालनिर्णय भिंतीवर असतंच.

दुसरी गोष्ट काकांनी सांगितली नाही, ती आम्ही पायरीवर बसून शिकलो. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासाला एक, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक असा हिशेब असतो. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. ओहोटी नऊला होती, आम्ही खडप ओलांडलं साडेअकराला, नेमके त्या मधल्या दोन तासांत. परत निघू म्हणेपर्यंत वाट गेली. ती उघडली संध्याकाळी साडेसहाला, अंधार पडता पडता. अशा वाटेवर ओहोटीच्या तासभर आधी शिरा आणि पाणी वळलं की डबा मिळो न मिळो, मागे फिरा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ज्यांनी केलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. देवळामागून चढून कड्यामधल्या पायऱ्यांनी खाली समुद्रापाशी उतरलं की पुढची वाट भरतीत पाण्याखाली असते.

आम्हा बडोदेकरांची एक खास चूक इथे नोंदवून ठेवतो. आम्हाला वाटतं, आम्हाला समुद्र कळतो, कारण आम्ही खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईला जातो. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं आणि लोक लांबून ते बघत उभे राहतात. खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरपर्यंत चढतं, कोकणात त्याच्या निम्मंही नाही, म्हणून आम्ही बेफिकीर. पण आखातात चिखलाचं सपाट मैदान असतं, पाणी येताना दिसतं. कड्याखाली ते दिसत नाही, एका घळीतून मागून येतं. आणि पाऊणकीचं गणित आखातात लावायला जाऊ नका, तिथे भरती काही तास उशिरा पोचते.

बिंदू चुकीच्या जागी

ही चूक भाच्याने घरीच केली होती. नशीब, पिन अरबी समुद्रात पडली म्हणून लक्षात आली. जिओकॅशचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात, नकाशाची ॲपं बहुतेकदा दशांश अंश मागतात. बडोदं शहराच्या मधला एखादा बिंदू घ्या: उत्तर २२° १८.४००′, पूर्व ७३° १०.९००′. मिनिटांना ६० ने भागलं की २२.३०६७ आणि ७३.१८१७ येतात. ते न करता कुणी सरळ २२.१८४ आणि ७३.१०९ टाकलं, तर तो माणूस नैर्ऋत्येला पंधरा किलोमीटरवर शेतात उभा असेल. आकडे आहेत त्याच रूपात टाकता आले तर उत्तम, नाहीतर भागाकार कागदावर करा. शेवटचा आकडाही गाळू नका. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण जवळजवळ १.८५ मीटर.

बाण दाखवतो तिकडे चालत राहणं

आम्ही आधी गेलो ते वर, सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या सपाट कातळावर. फोन म्हणाला ९ मीटर. भाचा पुढे सरकला, मी त्याची सॅक धरून मागे ओढला. नऊ मीटर आडवे होते, डबा होता उभा खाली. ॲप उंची मोजत नाही. कड्यावरच्या डब्याचं ॲपवरचं पान वाचताना भूभागाची श्रेणी, म्हणजे वाट किती अवघड ते, आधी बघा. ती १ ते ५ असते आणि ५ म्हणजे दोर किंवा होडी असल्याशिवाय काम होत नाही. आमची ३.५ होती. ती आम्ही वाचली, पण खालून वाट आहे हे वर्णनात लिहिलेलं वाचलं नाही. सड्याच्या कडेचा जांभा वरून दगडासारखा दिसतो, पण खालून लाटांनी पोखरलेला असतो. कडेपासून चार-पाच पावलं आत राहा, फोटोसाठीसुद्धा.

खाली उतरल्यावर बाण वेडावला. कधी डावीकडे १४, कधी मागे २२. दोष फोनचा नाही. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकाने रानात बादली लपवून हा खेळ सुरू केला. तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरची अचूकता मिळते. कड्याला चिकटून उभं राहिलं की अर्धं आकाश झाकलेलं असतं, शिवाय काही संकेत भिंतीवर आपटून उशिरा येतात. लपवणाऱ्याचा आकडाही तसाच घेतलेला असणार. म्हणजे त्याची चूक अधिक आपली चूक.

यावर उपाय एकच. पाण्याच्या बाजूला, भिंतीपासून जमेल तितकं लांब उभं राहून दोन-तीन मिनिटं आकडा स्थिर होऊ द्या. दिशा आणि अंतर मनात धरा, मग फोन खिशात घाला आणि डोळ्यांनी शोधा. होकायंत्र भरकटत असेल तर आधी फोनचं लोहचुंबकवालं कव्हर काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवा. काळ्या कातळात चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे फोन दगडावर ठेवून दिशा बघू नका. याचा सराव कोकणात जाऊन करायचा नसतो. आम्ही आता रविवारी बडोद्याच्या सयाजीबागेत, म्हणजे आमच्या कमाटी बागेत करतो. ताई स्टीलचा डबा लपवते, आकडे देते, बाकीच्यांनी शोधायचा. झाडांखाली बाण किती नाचतो ते तिथेच कळतं.

हात घालणं

याबद्दल मी थोडा कडकच बोलतो. रत्नागिरीच्या जांभ्यात, दगडाखाली, फुरसं असतं. वीतभर-हातभर लांब, मातकट, विषारी, आणि दगडाच्याच रंगाचं. जिओकॅशवाल्यांची सवय काय, तर संशयास्पद दगडांची रास दिसली की हात आत. काठीने दगड हलवा, टॉर्च मारा, मगच हात घाला. खडपावर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, शेवाळावर पाय टाकायचाच नाही. चपला नकोत, रबरी तळाचे बूट घाला.

गुपचूप फिरणं

लोकांनी बघू नये म्हणून लपतछपत शोधायची या खेळात पद्धत आहे. शहरात ठीक, किनाऱ्यावर नको. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली होती, २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रमार्गेच मुंबईत आले. तेव्हापासून किनाऱ्यावरची गावं अनोळखी माणसाकडे आणि बेवारस डब्याकडे सहज बघत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. आधी वाडीत जा, काय शोधताय ते सांगा, किती वाजता परत याल तेही सांगा. आम्ही सांगितलं असतं तर पाऊणकी सकाळीच कळली असती.

बाकीचं

नकाशा आणि डब्याचं पान वायफायवर असतानाच उतरवून ठेवा. पानावरचा इशारा, म्हणजे डबा कुठे असेल याची हिंट, उघडायला लाजू नका. तो रोमन अक्षरं तेरा घरं सरकवून लिहिलेला असतो, ए चा एन. पेन नको, पेन्सिल न्या, दमट कागदावर पेन उठत नाही. आठवण म्हणून डब्यात काही ठेवायचं असेल तर खाण्याचं ठेवू नका. भाच्याला बडोद्याची खूण म्हणून लीला चिवड्याचं पाकीट ठेवायचं होतं. मुंग्या पिशवी कुरतडतात आणि त्यांच्यामागून माकडं येतात. शेवटी त्याने सयाजीबागेतल्या छोट्या आगगाडीचं जुनं तिकीट ठेवलं. आणि डबा सापडला नाही तर ॲपवर तसं लिहा. दोन-तीन जणांनी तसं लिहिलं की मालक येऊन बघतो. न लिहिणारे पुढच्याला कड्यावर फुकट पाठवतात.

त्या रात्री नऊच्या सुमाराला चंद्र उगवला, ताईने काकांच्या ओटीवर उपास सोडला. दुसऱ्या दिवशी पंचमी. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे ओहोटी साडेनऊ-पावणेदहाला. साडेआठला निघालो, काका बरोबर. डबा आमच्या कालच्या पायरीपासून सात पावलांवर होता, छातीच्या उंचीच्या कपारीत, पुढे एक चपटा दगड. काल आम्ही सगळे पायाशी शोधत होतो.

नावं लिहून झाली. भाचा झाकण दाबणार, तेवढ्यात काकांनी डबा हातातून घेतला, झाकणाच्या रबरी कडेवरून अंगठा फिरवला आणि बोटाला लागलेला वाळूचा एक कण त्याला दाखवला. "हा राहिला असता तर पावसाळ्यात कागदाचं पिठलं झालं असतं." मग चड्डीला बोट पुसून त्यांनी पेन्सिल मागितली आणि आमच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं, तिथीसकट.