डोंगरातले फोटो निवडताना आणि दाखवताना: या चुका टाळा

पाचनईहून अंधारात निघून आम्ही हरिश्चंद्रगडावर पोचलो आणि उजाडता उजाडता कोकणकड्यावर आलो, तेव्हा खालचं सगळं कोकण ढगांनी भरलेलं होतं. त्या एका सकाळी मी ३१२ फोटो काढले. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या त्यातले २७ ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'कसे वाटले सांगा.' सगळ्यांनी सांगितलं. 'एक नंबर', 'कडक', 'पुढच्या वेळी मलाही ने.' शिकायला मात्र काही मिळालं नाही. कुठला फोटो जमला, कुठला फसला, नजर कुठे अडखळते, यातलं एक अक्षर हाती लागलं नाही. यात ग्रुपमधल्या कुणाची चूक नव्हती. प्रश्नच असा होता की त्याला दुसरं उत्तर नाही.

त्यानंतर बरीच वर्षं मी स्वतःचे फोटो दाखवत आले आणि दुसऱ्यांच्या फोटोंवर मतं देत आले. बघणाऱ्याच्या हातात फक्त ती चौकट असते. पहाटेची थंडी, चढण, वाऱ्याचा आवाज, चहाची तलफ हे सगळं आपल्याकडे राहतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हे विसरल्यामुळेच होतात.

मेहनत मोजून फोटो निवडणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते.

नाणेघाटात पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गर्दी होते. पश्चिमेचा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि खाली पडणारं पाणी उचलून पुन्हा माथ्यावर फेकतो. तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो. पण फोटोत काय उरतं? राखाडी आकाशापुढे पांढरट धूर. पाणी वर चाललंय की खाली, हे स्थिर फोटोत कळतच नाही. जे आपल्याला भिडलं ती हालचाल होती, आणि तीच चौकटीत आलेली नाही. ती आणायची तर काहीतरी साक्षीदार हवा: वाऱ्याने आडवं झालेलं गवत, फडफडणारा रेनकोट, नाहीतर शटर इतका जलद की थेंब सुटे दिसावेत आणि त्यांची दिशा ओळखू यावी. असं काही फोटोत नसेल, तर तो आपल्यासाठी अमूल्य असला तरी दुसऱ्यासाठी धुराचा फोटो आहे.

दुर्मीळ दृश्याचंही तसंच. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं असेल, तर कधीकधी त्या धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि मधोमध आपलीच सावली दिसते. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते ज्याला दिसलं त्याने फोटो काढणारच आणि जपून ठेवणारच. पण दुर्मीळ असणं हा फोटोचा गुण नव्हे, त्या क्षणाचा गुण आहे. घाईत काढलेलं, अर्धवट कापलेलं, फिकट इंद्रवज्र ही नोंद म्हणून मोलाची आहे. चित्र म्हणून ती उभी राहते का, हा वेगळा प्रश्न.

यावर मी केलेला उपाय साधा आहे. प्रत्येक सहलीचे तीन फोल्डर: 'आठवण', 'नोंद' आणि 'चित्र'. सोबत्यांचे, चहाच्या टपरीचे, तंबूचे फोटो आठवणीत. इंद्रवज्र, टोपली कारवीचा बहर (तो सात वर्षांनी एकदा येतो), आटलेलं किंवा भरलेलं टाकं, हे नोंदीत. मत मागायला फक्त तिसऱ्या फोल्डरमधले फोटो जातात. आणि तो फोल्डर त्याच रात्री भरायचा नाही, निदान दोन आठवडे थांबायचं. पायाचे गोळे उतरले की फोटोही वेगळे दिसायला लागतात. कोकणकड्याच्या त्या २७ पैकी दोन आठवड्यांनी माझ्याकडे चार उरले होते.

एकाच फोटोची सहा भावंडं पाठवणं

त्याच जागेवरून, त्याच उजेडात, एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे. निवडता येत नाही म्हणून सहाही पाठवायचे आणि म्हणायचं, 'तुम्हीच सांगा.' बघणारा पहिल्या दोघांत तुलना करतो, तिसऱ्याला कंटाळतो आणि सहावा आला की अंगठा दाखवून मोकळा होतो. निवड हे फोटो काढणाऱ्याचं काम आहे. क्लिक करण्याइतकंच महत्त्वाचं.

अडलं तर सहाही फोटो स्क्रीनवर लहान करा, साधारण टपालाच्या तिकिटाएवढे. एवढ्या आकारात तपशील दिसत नाहीत, फक्त उजेड-सावलीची मांडणी दिसते. जो तेवढ्यातही ओळखू येतो, त्याची बांधणी बहुधा पक्की असते. मग तो मोठा करून चारही कडा फिरा: कोपऱ्यातून डोकावणारी फांदी, अर्धी कापलेली माची, कुणाच्या तरी सॅकचा पट्टा. मधल्या भागाकडे आपण काढतानाच बघितलेलं असतं, घोटाळे कडेला होतात. शार्प कोणता हे सगळ्यात शेवटी तपासा. शंभर टक्के झूम करून निवडायला सुरुवात केली की धारदार पण पोकळ फोटो हाती लागतो.

आठ-दहा फोटोंचा संच निवडायचा असेल तर कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट काढा आणि फरशीवर मांडा. फोनवर एकामागून एक सरकवताना कळत नाही की दहापैकी सात फोटोंत तोच केशरी सूर्यास्त आहे. फरशीवर ते एका नजरेत दिसतं. दोन दिवस तशाच राहू द्या. येता-जाता ज्याच्याकडे लक्ष जात नाही, तो फोटो उचलून बाजूला करा.

'कसा वाटला?' एवढंच विचारणं

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक दाखवायचा फोटो, एक विचारायचा फोटो. ज्याच्यापाशी आपण ठाम उभे आहोत तो दाखवायचा. ज्यात आपण अडकलोय तो विचारायचा. बहुतेक जण मत मागताना आपला सर्वांत लाडका फोटो पुढे करतात. मग समोरच्याने काही खुपणारं सांगितलं की मन दुखतं आणि कौतुक झालं तर शिकणं थांबतं. अडकलेला फोटो न्या. 'डावीकडचा काळा कातळ ठेवू की कापू, ठरत नाहीये' असं म्हणालात की समोरचा माणूसही कामाला लागतो.

फोटोतलं ज्याला काही कळत नाही अशा माणसाचं मतही फार उपयोगी असतं, प्रश्न बरोबर विचारला तर. मी आईला फोटो दाखवते तेव्हा चांगला-वाईट विचारत नाही. विचारते, 'आधी काय दिसलं?' राजमाचीच्या एका फोटोत श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले ढगातून वर आलेले मी मोठ्या हौसेने टिपले होते. आईचं बोट सरळ खालच्या कोपऱ्यावर गेलं: 'हे निळं काय गं?' कुणाच्या तरी घरावर अंथरलेली ताडपत्री होती. हिरव्या-करड्या फोटोत तेवढाच एक निळा ठिपका. मला तो महिनाभर दिसला नव्हता, कारण मी किल्ल्यांकडे बघत होते.

फोटोआधी गोष्ट सांगू नका. 'रात्री दोनला निघालो, पाऊस काय म्हणत होता, आणि तेवढ्यात...' हे ऐकल्यावर समोरचा माणूस फोटो बघतच नाही, तुमची गोष्ट बघतो. आधी फोटो, मग थोडी शांतता, मग प्रश्न, आणि हवी तर शेवटी गोष्ट.

पाठवतानाच फोटो बिघडणं

'माझ्या फोनवर मस्त दिसतो, तिच्याकडे काळपट दिसतो.' बहुतेक वेळा कारण ब्राइटनेसचं असतं. रात्री अंधाऱ्या खोलीत, स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून एडिट केलं की फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो आणि आपण तो नकळत गडद करत जातो. ब्राइटनेस मध्यावर ठेवा, खोलीत दिवा लावा, हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेखातला सगळा उंचवटा डाव्या भिंतीला चिकटला असेल तर फोटो खरोखरच काळपट आहे, मग आपल्या स्क्रीनवर काहीही दिसो.

रंग मेल्यासारखे दिसत असतील तर कलर स्पेस तपासा, म्हणजे फाइलमधले रंग कोणत्या पद्धतीने नोंदवलेत ते. कॅमेऱ्यात किंवा लाइटरूममध्ये अ‍ॅडोबी आरजीबी निवडलेलं असतं, आणि काही अ‍ॅप ते नीट वाचत नाहीत. दुसऱ्यांना पाठवायची प्रत एसआरजीबीमध्येच काढा. लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवली तरी स्क्रीनवर बघायला पुरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि दाबला जातो. धुक्याच्या फोटोत हे सर्वांत आधी दिसतं, कारण धुक्यातल्या हळुवार छटांच्या जागी पट्टे आणि चौकोन उमटतात. मग समोरचा म्हणतो आकाश खराब आलंय, आणि आपण नसलेली चूक शोधत बसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोचते. मात्र जशीच्या तशी म्हणजे आतल्या माहितीसकट, आणि तिच्यात जीपीएसचं ठिकाणही असू शकतं. कड्याच्या फोटोने काही बिघडत नाही. पण सड्यावरचं कंदीलपुष्प किंवा एखादं घरटं असेल तर ठिकाण काढूनच पाठवा. दुर्मीळ फुलाचा पत्ता चार ग्रुपवर फिरला की पुढच्या पावसाळ्यात तिथे पायवाट पडते.

हिरवा आणखी हिरवा करणं

याबद्दल थोडक्यात. श्रावणातला घाटमाथा मुळातच इतका हिरवा असतो की फोन आणि कॅमेरा तो आधीच वाढवून देतात. त्यावर आपण सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, चढवलं की गवत प्लास्टिकचं होतं. क्लॅरिटी (तपशील उठावदार करणारी एडिटिंगमधली सोय) जास्त झाली की डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते. मत मागण्याआधी मूळ फोटो शेजारी ठेवून एकदा बघा. आणि क्षितिज सरळ करा, नाहीतर दहापैकी आठ जण तेवढंच सांगतील आणि बाकीची चर्चा होणारच नाही.

सल्ला शब्दशः घेणं, किंवा वाद घालणं

भंडारदऱ्याच्या पाण्यात कळसूबाईच्या रांगेचं प्रतिबिंब पडलेला एक फोटो मी तिघांना वेगवेगळा पाठवला होता. एक म्हणाला, खालचा भाग उजळव. दुसरीने सांगितलं, चौकोनी क्रॉप कर. तिसऱ्याला डावीकडचं झाड काढून टाकावंसं वाटत होतं. तीन माणसं, तीन औषधं, एकमेकांशी न जुळणारी. आधी मी वैतागले, मग तिन्ही मतं शेजारी ठेवली. तिघंही खालच्या डाव्या कोपऱ्याविषयी बोलत होते. तिथे गडद झाडाचा एक जड गोळा होता आणि नजर पाण्यात उतरायच्या आधीच तिथे अडत होती. मी यांपैकी काहीच केलं नाही. त्याच सकाळचा, चार पावलं उजवीकडे सरकून काढलेला फोटो शोधला. त्यात झाड होतं, पण पाण्यापासून सुटं, आणि नजरेला वाट मोकळी होती.

तेव्हापासून मी मतं अशीच वाचते. दुखतं कुठे हे लोक बहुधा बरोबर सांगतात, औषध मात्र प्रत्येक जण आपल्या सवयीचं देतो. दोन-तीन जणांचं बोट एकाच जागी गेलं तर तिथे काहीतरी आहे. उपाय तुम्ही शोधायचा.

याच्या उलट चूक म्हणजे लगेच उत्तर देणं. 'अगं, तिथे उभं राहायला जागाच नव्हती.' खरं असेल. कड्यावर जागा नसतेच, आणि फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नये. पण जागा नव्हती हे कारण फोटोत दिसत नाही. ऐकून घ्या, लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी वाचा. 'पुढे काहीतरी हवं होतं' हा सल्ला तर फारच जपून घ्यावा. कासच्या पठारावर तो ऐकून लोक वाट सोडून फुलांत आडवे होताना मी पाहिले आहेत. एका फोटोच्या फोरग्राउंडसाठी हातभर तेरडा चिरडला जातो. ते पठार ज्या पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारशात गेलं, त्याचं वैभव त्या फुलांतच आहे.

काय जोडलंय ते न सांगणं

जूनच्या तोंडावर भंडारदरा-पुरुषवाडी भागात काजवे चमकतात. झाडं लखलखलेली दिसणारे फोटो बहुतेक वेळा अनेक एक्स्पोजर, म्हणजे वेगवेगळे काढलेले फोटो, एकावर एक रचून केलेले असतात. त्यात गैर काही नाही, पण मत मागताना ते सांगायला हवं. नाहीतर बघणारा एका फोटोला मत देतो आणि तुम्ही चाळीस फोटोंबद्दल ऐकता. बदललेलं आकाश, पुसलेली विजेची तार यांनाही हेच लागू.

एकदा मत मिळालं की फोटो संपला असं मानणं

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. ती निगेटिव्ह तो पुढची कित्येक वर्षं छापत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढगांचे पट्टे दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळं होत गेलं. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रियाही केली, पुढचा भाग उठून दिसावा म्हणून. निगेटिव्ह तीच, बघणारा बदलत गेला.

कोकणकड्याच्या त्या चार फोटोंपैकी एक मी गेल्या महिन्यात पुन्हा उघडला. त्यात कडा जेमतेम दिसतो, बाकी धुकंच. एका मैत्रिणीला डॉक्युमेंट म्हणून पाठवला, खाली एकच ओळ: 'आधी कुठे बघितलंस, आणि नंतर कुठे गेलीस?' तासाभराने उत्तर आलं, 'कड्याची धार. मग उजवीकडे गेले, पण तिथे काही नाही, तरी तिथेच थांबले.' उजवीकडचा तो रिकामा भाग मी कापणार होते. अजून कापलेला नाही.