उंच इमारतीत डाउन कंडक्टर बसवताना या चुका टाळा

तडितरक्षकाचे, म्हणजे पडलेली वीज डाउन कंडक्टर या वाहकाने गच्चीवरून जमिनीत नेणाऱ्या यंत्रणेचे, काम संपले की मल्टिमीटर लावायचा, सलगता (तार कुठे तुटलेली नाही हे) दिसली आणि अर्थिंगचा रोध 10 ओहमच्या आत आला की कागदावर सही करायची, ही सवय मला सगळ्यांत घातक वाटते. पडलेल्या विजेचा प्रवाह मायक्रोसेकंदांत वाढतो, त्यामुळे तिथे तारेच्या रोधापेक्षा तिची लांबी आणि तिचा आकार जास्त महत्त्वाचा ठरतो, आणि तो मीटरवर दिसत नाही.

माझ्या पाहण्यातले एक काम या बाबतीत कायमचे लक्षात राहिले आहे. गच्चीच्या 90 सेंटिमीटर उंच आणि 15 सेंटिमीटर जाड कठड्यावरून डाउन कंडक्टरची धातूची पट्टी आतून वर चढवून बाहेरून खाली उतरवली होती. वीज पडल्यावर नेमका त्याच जागी कठड्याचा गिलावा दोन्ही बाजूंनी उडाला आणि आतल्या विटा तडकल्या. सगळ्यांनी अर्थिंगवर संशय घेतला, पण तिथला रोध जेमतेम 2 ओहम होता. प्रत्यक्षात पट्टीचा फेरा 195 सेंटिमीटरचा झाला होता आणि त्याच्या दोन टोकांमधले अंतर होते फक्त 15 सेंटिमीटर. वाहकाच्या एका मीटरचे प्रेरकत्व (प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध) साधारण 1 मायक्रोहेन्री धरले आणि प्रवाह मायक्रोसेकंदाला 100 किलोअँपिअरने वाढला, तर दर मीटरला सुमारे एक लाख व्होल्ट उभे राहतात. मग वीज फेरा घालत बसत नाही, मधली भिंत फोडून सरळ जाते. फेऱ्याची लांबी उघड्या तोंडाच्या आठपटीपेक्षा जास्त नसावी, हा जुना नियम; इथे ती तेरापट झाली होती. मी अशा ठिकाणी कठड्याच्या तळाशी भोक पाडून पट्टी सरळ बाहेर काढतो. त्यात अर्धा दिवस जातो, पण तो वाचवण्याच्या घाईला माझ्याकडे क्षमा नाही.

उरलेली केबल कापायला जीव होत नाही म्हणून शाफ्टमध्ये वेटोळे करून टांगून ठेवणे हा याच चुकीचा सख्खा भाऊ आहे. नवशिके हे हमखास करतात, आणि तेही टाय लावून अगदी नीटनेटके. जास्तीची केबल कापून टाकावी. तसेच, जागा मोकळी दिसली म्हणून डाउन कंडक्टर फोनच्या किंवा विजेच्या केबलींसोबत एकाच डक्टमध्ये बांधू नये, कारण त्याला समांतर गेलेल्या प्रत्येक तारेत वीज पडताच विद्युतदाब निर्माण होतो.

एकच जाड वाहक पुरेल, हा समज सोडून द्यावा. इमारतीच्या परिघावर तडितसंरक्षणाच्या वर्ग 1 व 2 साठी (वर्ग 1 सर्वांत कडक) साधारण दर 10 मीटरवर, वर्ग 3 साठी 15 आणि वर्ग 4 साठी 20 मीटरवर वाहक हवा. लोखंडी पाइपातून एकटा वाहक न्यायचाच असेल, तर पाइपाची दोन्ही टोके वाहकाला जोडावीत. तांबे आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांवर कधीही कसू नये. मधे बायमेटॅलिक (दोन धातूंचा) जोड हवाच. ॲल्युमिनियम जमिनीत पुरू नये.

पट्टीला 20 मीटरच्या वर मी दर अर्ध्या मीटरवर क्लॅम्प मारतो आणि प्रत्येक क्लॅम्प हाताने ओढून पाहतो. टेस्ट लिंकही (तपासणीसाठी वाहक उघडता येणारा जोड) जिन्याखाली बंद कप्प्यात न दडवता पाना सहज बसेल अशा उंचीवर लावतो, म्हणजे पुढच्या तपासणीला येणारा माणूस ती खरोखर उघडतो.